पाटी, पेढी आणि पत



साताऱ्यात आणि सांगलीत हल्ली एक नवीन सुतक चालू आहे. जुन्या बँकांचं सुतक. सातारची युनायटेड वेस्टर्न गेली, सांगली बँक गेली, मिरज स्टेट बँक तर त्यांच्याही आधी गेली. इमारती उभ्या आहेत, वरची नावं बदलली. कुठं जुन्या पाटीची पुसट अक्षरं राहिलीत, कुठं दगडी पायरी राहिलीय. मग कुणी फोटो काढतो, कुणी आठवणी लिहितो. काय ते बांधकाम, काय ती माणसं, काय तो विश्वास! हा आपला वारसा. ही आपली बँक.

माझं भांडण त्या 'आपली' शब्दाशी आहे.

कुणाची आपली? त्या काउंटरच्या आत कोण बसलं होतं, बाहेर रांगेत कोण उभं होतं, आणि रांगेतसुद्धा कोण नव्हतं? इमारतीचा दगड कुणी फोडला, चुन्याच्या पाट्या कुणी वाहिल्या, आणि ती पुरी झाल्यावर आत खातं कुणाचं निघालं? हे विचारलं की वारसावाले गप्प होतात. म्हणतात, सगळीकडे जात कशाला आणता? अरे, आम्ही आणली नाही. ती पाटीवरच लिहिलेली होती.

आधी पाट्यांचंच बघू.

सातारा शहराच्या पेठा मोजा. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. आठवडा संपला की माणसं सुरू होतात. यादोगोपाळ, सदाशिव, मल्हार, बसाप्पा, व्यंकटपुरा, चिमणपुरा. राजाच्या नावानं प्रतापगंज. सांगलीत या. देवाच्या नावानं गणपती पेठ, व्यापाराच्या नावानं वखारभाग. वाराला पेठ मिळाली, देवाला मिळाली, सरदाराला मिळाली, हळदी-गुळाच्या वखारीला मिळाली. आणि जिल्ह्यातल्या गावागावांत वेशीबाहेर आल्यावर मात्र नाव ठेवणाराला नाव सुचेना. तिथं त्यानं जात लिहिली. महारवाडा. मांगवाडा. ढोरवस्ती. जणू आत राहणाऱ्या कुणालाच स्वतःचं नाव नव्हतं.

कुणी शहाणा म्हणेल, ब्राह्मणआळी पण होती, माळीगल्ली पण होती. होती की. पण ब्राह्मणआळीचा पत्ता सांगताना कुठल्या पोराची जीभ अडखळली? त्या पत्त्यावर कुणाची नोकरी गेली, कुणाला भाड्याची खोली नाकारली गेली? त्यांच्या पाटीवरची जात म्हणजे ओळखपत्र. आमच्या पाटीवरची जात म्हणजे वाटसरूला दिलेला इशारा, की इथनं पुढं पाणी पिऊ नका.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं ठरवलं की वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायची. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळीगल्ली ही नावं जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी यायची. स्वराज्य येऊन ७३ वर्षं झाल्यावर हे सुचलं. उशिरा सुचलं, पण सुचलं. मी त्या निर्णयाच्या विरोधात नाही. ज्या शिवीत आमच्या आज्या-पणज्या राहिल्या, ती शिवी पत्ता म्हणून आमच्या लेकरांनी का लिहावी?

पण ह्या देशात नाव कुणाचं किती सहज चालतं, हेही बघून ठेवा. सांगलीत कृष्णेवर १९२९ साली पूल झाला. उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन आला. पुलाला त्याचंच नाव दिलं. इंग्रज गेला, संस्थान गेलं, आयर्विन पूल आयर्विनच राहिला. सांगलीकर तो प्रेमानं दाखवतात. पुराचं पाणी किती चढलं ते त्याच्यावरनंच सांगतात. परदेशी लाटसाहेबाचं नाव कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. आणि मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळानं १९७८ साली केला, तर गावंच्या गावं पेटली. पोचीराम कांबळे मारला गेला. घरं जळाली, पिकं जळाली. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावी लागली. तेही पूर्ण नामांतर नाही, नामविस्तार. एका पाटीवरच्या चार शब्दांसाठी सोळा वर्षं. तेव्हा पाटी म्हणजे नुसता पत्रा, असं आम्हाला कुणी शिकवू नये. आम्ही पाटीची किंमत मोजलीय.

आता पेढीकडं वळू.

मराठीत पत हा एकच शब्द दोन ठिकाणी चालतो. बाजारात उधार मिळतं ती पत. चारचौघांत मान मिळतो ती पण पत. भाषेनं हे उगाच केलेलं नाही. ज्याला गावात मान, त्यालाच पेढीवर पैसा, हा आपल्या समाजाचा जुना कायदा आहे. ज्याच्या सावलीचा विटाळ, त्याच्या अंगठ्याला कोण किंमत देणार? त्याला सावकार मिळायचा. बँक नाही.

सांगली बँक १९१६ सालची. संस्थानच्या गावातली. ज्या साली ती सुरू झाली, त्याच साली मे महिन्यात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात एक तरुण भारतातल्या जातींवर निबंध वाचत होता. जात कशी जन्मली, कशी टिकली, ते जगाला सांगत होता. त्याचं बालपण साताऱ्यात गेलं होतं. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ सालची. अण्णासाहेब चिरमुल्यांनी काढलेली. त्यांनीच १९१३ साली वेस्टर्न इंडिया विमा कंपनी काढली होती. माणूस कर्तबगार होता, मला त्याची कर्तबगारी नाकारायची नाही. पण त्याच १९३६ साली तोच कोलंबियाचा विद्यार्थी जातिसंस्थेच्या निर्मूलनाचं भाषण स्वतःच्या खर्चानं छापत होता, कारण ज्यांनी बोलावलं त्यांनाच ते ऐकवेना. एकीकडं साताऱ्या-सांगलीत पत गोळा होत होती. दुसरीकडं बाबासाहेब सांगत होते की ही पत कशावर उभी आहे. दोन्ही गोष्टी एकाच साली घडल्या. वारसावाल्यांच्या आठवणीत मात्र पहिलीच बसते.

बँकेच्या नियमात जात लिहिलेली नसते, हे मला माहीत आहे. तीच तर खुबी आहे. नियमात लिहिलेलं असतं तारण आणि जामीन. आता तारण बघा. आमच्याकडं जमीन होती ती महार वतनाची. गावाची फुकट चाकरी करायची, मेलेली ढोरं ओढायची, सांगावे न्यायचे, त्याबदल्यात तुकडा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात ह्या वतनाच्या सुधारणेचं बिल मांडलं. कनिष्ठ गावकी वतनं खालसा करायचा कायदा झाला १९५८ साली, ते गेल्यानंतर. जमीन परत मिळाली ती नव्या शर्तीवर. म्हणजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही. आमची जमीन फसवून लाटली जाऊ नये म्हणून ही शर्त आहे असं सांगितलं गेलं. लाटणारे लाटत राहिले. आणि तीच शर्त सातबारावर बघून बँकेचा साहेब म्हणायचा, ह्याच्यावर बोजा चढवायला अडचण आहे. जात कुठं लिहिली? कुठंच नाही. पण सातबारा वाचता येणाऱ्याला जात दिसली.

आता जामीन. माझी मावशी शिलाई मशीनसाठी कर्ज मागायला एका बँकेत गेली होती. साहेब चांगला बोलला. खुर्ची दिली. मग म्हणाला, दोन जामीनदार आणा, पगारदार नाहीतर बागायतदार. मावशी म्हणाली, "सायेब, माझ्या वळखीत बागायतदार हायेत की. पन मी त्यांच्या रानात खुरपाय जाती. त्ये कशाला माझा जामीन ऱ्हातील?" साहेबानं फाईल बाजूला सारली. त्यात त्याची चूक नव्हती, नियमच तसा होता. मावशी सावकाराकडं गेली.

आणि ह्याच भागातली कराडची बँक बघा. १९४६ सालची. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात बुडाली. मागं रोखे नसताना तिथून पावत्या फाडल्या गेल्या. त्या पावत्यांना दोन पगारदार जामीनदार कुणी मागितले? दलालाच्या कागदाला पत होती. मावशीच्या हाताला, जो पंचवीस वर्षं रोज उन्हात राबला, त्याला नव्हती.

पैसा मात्र कधी बाटत नाही, हे ध्यानात घ्या. १९०१ साली बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर कॅशियर होते. दुष्काळात मरणाऱ्यांची मजुरी ह्या माणसाच्या हातानं मोजली जात होती. त्या पैशाला कुणी शिंतोडा मारून घेतला नसेल. त्यांना भेटायला पोरं साताऱ्याहून आगगाडीनं निघाली, मसूर स्टेशनवर उतरली. चांगले कपडे बघून स्टेशनमास्तर गोड बोलला. जात कळली आणि मागं सरला. गाडीवान न्यायला तयार होईनात. शेवटी सौदा ठरला तो असा : भाडं दुप्पट, गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार. पोरांचा स्पर्श बाटवत होता. पोरांच्या खिशातलं दुप्पट भाडं बाटवत नव्हतं. ह्या एका प्रसंगात आपल्या देशाचं सगळं अर्थशास्त्र आहे. तोच पोरगा पुढं १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहितो, १९२५ साली हिल्टन यंग कमिशनपुढं चलनावर निवेदन देतो. १९३५ साली रिझर्व्ह बँक उभी राहते. साताऱ्याच्या शाळेत ज्याला वेगळ्या गोणपाटावर बसवलं, तो देशाच्या तिजोरीचा हिशोब सांगत होता. साताऱ्याच्या बँकांचा इतिहास लिहायचा तर पहिलं नाव कुणाचं येतं, तुम्हीच ठरवा.

पुढचं ऐका. १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. पन्नास कोटींवर ठेवी असलेल्या त्या. १९८० साली आणखी सहा. सरकारी बँका झाल्या म्हणून पुढं त्यांत राखीव जागा आल्या. आपल्यातली पहिली कारकून, पहिली कॅशियर, पहिली ऑफिसर माणसं त्यातून निघाली. आज तुमच्यातले कितीतरी जण त्यांच्या पगारावर शिकलेत. पण सांगली बँक आणि युनायटेड वेस्टर्न लहान होत्या, त्या खाजगीच राहिल्या. खाजगी बँकेला राखीव जागांचं बंधन नव्हतं, आजही नाही. तेव्हा "आपली बँक, आपली माणसं" म्हणणाऱ्यांना मी साधा प्रश्न विचारतो. त्या बँकांच्या पगारपत्रकात आपल्या वस्तीतली किती नावं होती? झाडूवाला सोडून सांगा. कुणाजवळ यादी असेल तर दाखवा. मी वाचायला तयार आहे.

२ सप्टेंबर २००६ ला रिझर्व्ह बँकेनं युनायटेड वेस्टर्नवर निर्बंध घातले. केवढी धावपळ! २३० शाखांची बँक, हजारो ठेवीदार. राज्य सरकारची सिकॉमसुद्धा घ्यायला पुढं आली. दहा-बारा दिवसांत आयडीबीआयचं ठरलं, ३ ऑक्टोबरला विलीनीकरण झालं. ठेवीदारांचा पैसा वाचला, ते चांगलंच झालं. त्यात गरिबाचेही चार पैसे असतील. पण त्याच सप्टेंबरच्या २९ तारखेला भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडलं. एका बौद्ध कुटुंबातली चार माणसं गावानं मिळून ठार मारली. त्यावर राज्याला जाग यायला महिना उलटला, तीही माणसं रस्त्यावर उतरली तेव्हा. बँक मरायला लागली तर पंधरवड्याच्या आत डॉक्टर. माणसं मेली तर पंचनाम्याला वेळ. ह्याला पत म्हणतात. कुणाची आहे आणि कुणाची नाही, ते तारखांवरनं दिसतं.

पुढं १९ एप्रिल २००७ ला सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये गेली. आयडीबीआयलाही २०१९ साली रिझर्व्ह बँकेनं खाजगी बँकांच्या वर्गात टाकलं. म्हणजे साताऱ्याची खाजगी बँक बारा-तेरा वर्षं सरकारी छत्राखाली आली आणि पुन्हा खाजगीत गेली. दार किलकिलं झालं आणि लागलं. वारसावाले पाटीवरचं जुनं नाव गेलं म्हणून रडतात. आपल्याला रडायचं असेल तर त्या दारासाठी रडू या.

आता घरातलं बोलतो. कुणाला राग आला तरी चालेल.

आपल्यातल्या पुढाऱ्यांना पाटी बदलली की झोप येते. नव्या नावाचा फलक लागतो, नारळ फुटतो, आमदारासोबत फोटो निघतो, फ्लेक्सवर साहेबांचा चेहरा बाबासाहेबांपेक्षा मोठा. नाव समतानगर. गटार तेच, पाणी दिवसाआड तेच, आणि बँकेच्या फॉर्मवर नवीन पत्ता लिहिला तरी साहेबाला गाव माहीत असतं, गावाची दिशा माहीत असते. नवं नाव खरं करायचं काम आपलं आहे. आमदाराच्या नारळानं ते होत नाही.

दुसरी चूक तरुणांची. ते म्हणतात, जुनं सगळं जाळा, पुसा, नामोनिशाण नको. रागाला कारण आहे, पण त्यातला धोका बघा. जुनी पाटी गुपचूप भंगारात गेली, तर पन्नास वर्षांनी त्याच गावचा मनुष्य छातीवर हात ठेवून सांगेल, आमच्या गावात जातपात कधी नव्हतीच. पुरावा काय देणार तुम्ही? चोराच्या हातचा मुद्देमाल आपणच नदीत टाकायचा आणि मग कोर्टात जायचं, ह्याला शहाणपण म्हणत नाहीत.

साताऱ्याच्या राजवाड्यातल्या शाळेचं बघा. आज तिला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात. ७ नोव्हेंबर १९०० ला तिथं एका मुलाचं नाव दाखल झालं. रजिस्टरला क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. शाईची एक ओळ. २०१७ पासून सरकार तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. त्या काळच्या साताऱ्यात त्या मुलाचे केस कापायला न्हावी नव्हता, बहीण कापायची. त्याची आई भीमाबाई १८९६ साली ह्याच साताऱ्याच्या मातीत गेली. ह्यातलं काय उरलं? ती ओळ उरली, कारण रजिस्टर कुणी फाडलं नाही. ज्यांनी त्याला बाहेर बसवलं त्यांच्याच कागदानं आज साक्ष दिली. म्हणून मी म्हणतो, इमारती पाडू नका, पाट्या फेकू नका. त्यांना वारसा म्हणून ओवाळायचंही नाही. त्या जपायच्या त्या पुरावा म्हणून. आणि पुरावा आपल्या ताब्यात पाहिजे.

मग करायचं काय? भाषणं पुष्कळ झाली. हे करा :

एक. तुमच्या गावच्या वस्तीची जातिवाचक पाटी उतरत असेल तर आधी फोटो काढा, तारीख लिहा. पाटी मागून घ्या आणि विहारात ठेवा. नव्या पिढीला हात लावून बघू द्या. वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला बसवून विचारा, पाणी कुठनं आणायचीस, वेशीतनं कुठल्या वाटेनं जायचीस, गावकीचं काम कुणी सोडलं आणि काय भोगलं. वहीत लिहा. ती वही म्हणजे आपलं रजिस्टर.

दोन. प्रत्येक जिल्ह्याला एक अग्रणी बँक असते. साताऱ्याला बँक ऑफ महाराष्ट्र, सांगलीला बँक ऑफ इंडिया. दोन्ही सरकारी, माहिती अधिकाराखाली येतात. त्यांना लेखी विचारा. १९७२ पासून चार टक्के व्याजाची योजना आहे, तिच्यातली चाळीस टक्के कर्जं अनुसूचित जाती-जमातींना द्यायची असतात. आपल्या तालुक्यात किती दिली? २०१६ साली स्टँड अप इंडिया आली. दर शाखेनं किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला दहा लाख ते एक कोटीचं कर्ज द्यायचं होतं. ती २०२५ पर्यंत चालली. शाखावार आकडे मागा. जिथं शून्य आहे त्या शाखेचं नाव आपल्या अंकात छापू. पाटी अशी पण लागते.

तीन. ज्या जुन्या बँका गेल्या त्यांचे अहवाल, भागधारकांच्या याद्या, नोकरांच्या याद्या कुठल्यातरी माळ्यावर पडलेल्या असतील. इतिहास, अर्थशास्त्र शिकणाऱ्या पोरांनी त्या शोधाव्यात. पीएचडीला विषय मिळत नाही म्हणून रडू नका. हा घ्या विषय.

चार. ७ नोव्हेंबरला नुसता हार घालून परत फिरू नका. राजवाड्यापासून पेठांच्या पाट्या वाचत चाला, आणि चालता चालता बरोबरच्या पोराला सांगा, कुठल्या नावामागं कोण होतं आणि कोणाला नावच दिलं नव्हतं. इतिहास वाचायला पैसे लागत नाहीत.

सांगली जिल्हा १९६० पर्यंत दक्षिण सातारा होता. त्याच मातीत वाटेगावला अण्णाभाऊ साठे जन्मले, आटपाडीला शंकरराव खरात जन्मले. एकाला शाळेनं दोन दिवस पण नीट बसू दिलं नाही, एक विद्यापीठाचा कुलगुरू झाला. ही दोन नावं ह्या दोन जिल्ह्यांची खरी ठेव आहे. त्यांच्यावर कुठल्या बँकेनं कर्ज दिलं नव्हतं. त्यांनी पत मागितली नाही, शब्दानं कमावली.

आपल्यालाही ती कमवायची आहे. आणि जिथं ती आपल्या हक्काची असून अडवून ठेवलीय, तिथं काउंटरवर उभं राहून, नाव-गाव-वस्ती ठणकावून सांगून, वसूल करायची आहे.

जयभीम.